हमरिया कूलर्सचा एकमेव पिचर

आमच्या सुलभाचं म्हणणं असं की, लोक आखातात वीस-बावीस वर्षं काढून सोनं आणतात, निदान गालिचा तरी आणतात. तुम्ही काय आणलंत, तर एक स्कोअरबुक! खरं आहे. निळ्या पुठ्ठ्याची ती वही पुण्याच्या फ्लॅटमध्ये माझ्या कपाटात आहे, आणि एका संघाचा जगातला एकमेव इतिहास तिच्यात आहे. संघाचं नाव हमरिया कूलर्स. खेळ बेसबॉल. हो, बेसबॉलच. शारजात, वाळूवर, मालवणी-मल्याळी-पठाण मंडळींचा. हसून घ्या, मी थांबतो.

नावं आणि गावं सगळी बदलून लिहितोय. का, ते शेवटी कळेल.

मी हमरिया फ्री झोनमध्ये एका कारखान्यात ॲडमिन मॅनेजर होतो. आम्ही एसीचे डक्ट बनवायचो. मोठ्या इमारतीत छतावरून गार हवा खेळवणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात ना, ते. माझं काम म्हणजे दीडशे माणसांचे व्हिसा, कॅम्पच्या खोल्या, कॅन्टीनच्या डाळीबद्दलच्या तक्रारी आणि ‘साहेब, बायको आजारी आहे’ अशा रजा. आणखी एक काम होतं, ते नीट समजून घ्या. तिथे तेव्हा माणसाला नोकरी बदलायची तर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं. एनओसी. ते नसलं तर बॅन लागायचा आणि माणूस सरळ घरी. ते पत्र टाइप मी करायचो, सही मालकांची. चार ओळींचा कागद. पण तो हातात असला की दीडशे माणसं आपल्याला वाकून नमस्कार करतात आणि आपल्याला वाटू लागतं की तो आपल्या स्वभावाला आहे.

मालक आपलेच, प्रधान साहेब. गिरगावातून येऊन त्यांनी कारखाना उभा केला होता, त्याबद्दल मला आजही आदर आहे. नव्वदीची शेवटची वर्षं होती, दुबईत हॉटेलांवर हॉटेलं उभी राहत होती, आणि एका दांडग्या हॉटेलाचे डक्ट कुणाचे घ्यायचे हे ठरवणारा कन्सल्टंट होता मिस्टर हॅरिस नावाचा अमेरिकन. हा गृहस्थ जेवायला येईना, दिवाळीची मिठाई घेईना. फक्त शुक्रवारी सकाळी बेसबॉल खेळायचा. तिथल्या अमेरिकन इंजिनियरांची, मास्तरांची, जपानी कंपन्यांची एक छोटीशी लीग होती, तिच्यात एक वरचा गट आणि एक खालचा. हॅरिस खालच्या गटात.

एका शनिवारी प्रधान साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

‘दामले, आपण खालच्या गटात टीम उतरवतोय.’

‘कसली, साहेब?’

‘बेसबॉलची. दांडू आहे, बॉल आहे. आपल्या पोरांना काय कठीण? तुम्ही मॅनेजर. यल्ला, लागा कामाला!’

मी नोटीस काढली: ‘सहभाग ऐच्छिक आहे. हजेरी घेतली जाईल.’ सोळा जणांनी स्वेच्छेने नावं दिली.

आता ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोलंदाज, म्हणजे पिचर, उंच चबुतऱ्यावरून बॉल टप्पा न पाडता फेकतो. फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून गेला तर तो चांगला. असे तीन सोडले किंवा हुकवले की माणूस बाद. बॉल समोर मारला तर बॅट तिथेच टाकून पहिल्या उशीकडे पळायचं, मग दुसऱ्या, तिसऱ्या, आणि चौकोन पुरा करून घरी आलात की एक रन. एवढंच. बारा वर्षांच्या पोराला दहा मिनिटांत कळतं. पण ते पोर क्रिकेट खेळलेलं नसावं लागतं.

पहिल्या सामन्यात आमचा पहिला फलंदाज होता गुल खान, कंपनीचा पिकअप चालवणारा पेशावरचा धिप्पाड ड्रायव्हर. त्याने पहिलाच बॉल असा हाणला की समोरचे जपानी बघतच राहिले. मग तो बॅट घेऊन सरळ पिचरकडे धावत सुटला. पिचर बिचारा मार खायच्या भीतीने चबुतरा सोडून पळाला. गुल खानने चबुतऱ्याला बॅट टेकवली, परत फिरला, घरी बॅट टेकवली आणि माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवली. ‘दो रन, दामले साब!’ अंपायरने त्याला बाद दिलं तेव्हा तो अंपायरला विचारत होता की आउट किस चीज का.

बॅट टाकायला आमची माणसं तयारच होईनात. बॅट टाकून पळणं म्हणजे चप्पल टाकून पळण्यासारखं, इभ्रतीचा प्रश्न. एकाने सुंदर लेट कट मारला, बॉल मागे गेला, आम्ही टाळ्या वाजवल्या, तो फाउल. आमचा कुट्टी तर बॉल जमिनीलगत तटवून शांत उभा राहायचा. ‘रन नहीं था, सर.’ अरे बाबा, इथे मारलं की पळावंच लागतं, रन असो की नसो! झेलासाठी डाव्या हातात घालतात तो जाड हातमोजा काढून फेकायचा आणि उघड्या हातांनी झेल घ्यायचा, हा तर सगळ्यांचाच उद्योग. एकेक हातमोजा दीडशे दिरहॅमचा, म्हणजे तेव्हाचे अठराशे रुपये! मी वाळूतून गोळा करत फिरायचो. पहिल्या मोसमात आम्ही नऊ सामने खेळलो आणि नऊ हरलो. प्रधान साहेब मात्र खूश. नवव्या सामन्यानंतर हॅरिस त्यांच्याशी अकरा मिनिटं बोलला होता, त्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं.

गोविंद परब मला सापडला तो कॅम्पमागच्या क्रिकेटच्या भांडणात. मालवणकडचा, डक्ट फिटर, पाच फूट चार इंच, वजन कपड्यांसकट पन्नास किलो. शेजारच्या कंपनीचे लोक ओरडत होते की हा बॉल टाकत नाही, फेकतो. खरंच फेकायचा. कोपर वाकायचं. प्रत्येक संघाने त्याला हाकललं होतं आणि तो सीमेवर बसून रन मोजत होता.

मी विचारलं, ‘एवढा जोर आला कुठून रे?’

‘बागेत वानर येयत साहेब. नारळ फोडीत. लहानपणापासून धोंडे मारून हाकलतंय.’

‘लागायचा का वानराला?’

‘लागूचो कित्याक? कानाजवळसून गेलो की पळतत ते.’

क्रिकेटने ज्याला खोटा ठरवलं, तो बेसबॉलमध्ये अस्सल निघाला. चबुतऱ्यावर उभा राहून त्याने पहिला बॉल टाकला, तेव्हा फलंदाजामागे बॉल अडवायला उकिडवा बसलेला गुल खान हातमोज्यासकट उताणा पडला आणि झोपल्या झोपल्या म्हणाला, ‘माशाल्ला.’ दुसऱ्या मोसमात आम्ही चार सामने जिंकलो. तिसऱ्यात सात. गोविंद बॉल कुठे टाकणार ते आधी सांगायचा आणि तिथेच टाकायचा. माझी छाती अशी फुगली की विचारू नका. दुबईत ऊद मेथाला मुलीच्या शाळेत पेरेंट्स मीटिंग असली तरी मी कूलर्सची टोपी घालून जायचो. मुलगी लांब उभी राहायची. ‘पपा, प्लीज. नॉट द कॅप.’

पण दर शुक्रवारी ती यायची. सुलभा साबुदाण्याच्या खिचडीचा मोठा डबा करायची, आम्ही सकाळी सहाला निघायचो, कारण जुम्म्याच्या नमाजाआधी सामना खलास व्हायलाच हवा. स्कोअरबुक लिहायची ती माझी मुलगी अदिती, तेव्हा अकरा वर्षांची. सामना संपला की गोविंद तिला बॉल टाकायला शिकवायचा. बोटं शिवणीवर कशी ठेवायची, मनगट कधी सोडायचं. एकदा म्हणाला, ‘माझा चेडू सहा वर्सांचा झाला. संजना. तेका मी तीनदाच बघलंय.’ दोन वर्षांतून दोन महिने रजा; हिशोब बरोबर होता. मी म्हटलं, ‘इन्शाल्ला, होईल सगळं.’ असं म्हणायला तिथे काही लागत नाही.

चौथ्या मोसमात शेवटचा सामना उरला होता, हॅरिसच्या टीमशी. जिंकलो तर आम्ही खालच्या गटात पहिले. त्याच्या दहा दिवस आधी गोविंद ऑफिसमध्ये आला. हातात कागद. अल ऐनच्या एका हॉटेलात मेंटेनन्स सुपरवायझरची नोकरी, आणि खाली एक ओळ, जिच्यावर त्याने बोट ठेवलं होतं: फॅमिली स्टेटस, दोन खोल्या. बायको आणि मुलगी येऊ शकत होत्या. अट एकच, एक तारखेपर्यंत एनओसी घेऊन हजर व्हायचं.

‘साहेब, एवढा पत्र झाला तर बरा.’

मी कॅलेंडर बघितलं. एक तारीख बुधवारी, सामना त्यानंतरच्या शुक्रवारी. दोन दिवस हो! फक्त दोन दिवस!

‘गोविंद, फायनल खेळून जा ना. मी हॉटेलात फोन करतो. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?’

‘तुम्ही सांगशात तसा,’ तो म्हणाला. त्याला दुसरं काय म्हणता येणार होतं? कागद माझ्याकडे होता.

फोन केला का? केला. एकदा. संबंधित माणूस जागेवर नव्हता. ‘नंतर करा,’ म्हणाले. मी नंतर केला नाही. त्या आठवड्यात मी फायनलसाठी नव्या टोप्या शिवून घेत होतो. गोविंदने बुधवारी विचारलं तेव्हा मी सांगितलं, ‘बोललोय मी, काळजी करू नकोस.’ आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, सेल्सच्या माणसांना, लेबर इन्स्पेक्टरला, सासुरवाडीला. ही एकच रात्रंदिवस आठवते.

गुरुवारी दुपारी प्रधान साहेबांनी बोलावलं.

‘दामले, हॅरिसकडे आपली डक्टची फाइल सहीला आहे. रविवारी बसतोय तो.’

‘वा, साहेब!’

‘तेव्हा उद्या जिंकायचं नाही.’

मला आधी कळेचना. साहेब समजावणीच्या सुरात बोलले, ‘त्याचा शेवटचा सामना आहे मोसमातला. साठीचा माणूस. त्याला एक ते, षटकार, काय म्हणता तुम्ही, होमरन मारू दे. खूश होऊन जाऊ दे घरी. ग्राहक म्हणजे देव, दामले. देवाला कुणी तीन बॉलमध्ये आउट करतं का?’

‘पण पोरं चार वर्षं...’

‘पोरांना मी जेवण देतो. बिर्याणी. मटणाची.’

मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. माझंही कुटुंब त्या पगारावर तिथे होतं, मुलगी शाळेत होती, आणि माझीही एनओसी प्रधान साहेबांच्याच सहीची होती. ही सबब नाही, आपली माहिती म्हणून सांगतो.

शुक्रवारी सकाळी मैदानावर पोचल्यावर मी गोविंदला बाजूला घेतलं आणि कसंबसं सांगितलं. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाल्यावर वर बघितलं.

‘म्हणजे हरूक ठेवलात माका?’

लाज वाटली हो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो रागावला असता, शिवी दिली असती, तरी बरं वाटलं असतं. त्याने नुसतं विचारलं, ‘कितीन हरूचा?’

त्या दिवशी गोविंद परब तीन वर्षांतला सगळ्यात अचूक खेळला. प्रत्येक बॉल पट्ट्याच्या बरोबर मध्यावर, कमरेच्या उंचीवर, सत्यनारायणाचा प्रसाद द्यावा तसा प्रत्येकाच्या हातात. ज्यांना तीन मोसमांत त्याचा बॉल दिसला नव्हता ते आता धडाधड मारत होते. गुल खान जाळीच्या मुखवट्याआडून दर बॉलला माझ्याकडे बघत होता. अदितीने पेन्सिल खाली ठेवून विचारलं, ‘पपा, व्हॉट्स रॉन्ग विथ गोविंद काका?’ मी म्हटलं, ‘लिही तू.’

हॅरिसची पाळी आली. गोविंदने थांबून टोपी सारखी केली आणि एक बॉल टाकला, अगदी सावकाश. हॅरिसने तो कुंपणापार मारला. प्रधान साहेब खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. हॅरिस चौकोन पुरा करून आला तो हसत नव्हता. सामना संपल्यावर अकरा-दोन असा स्कोअर लागला आणि हॅरिस माझ्याकडे आला. ‘तुमच्या पिचरची तब्येत बरी नाही का?’ त्याने इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, थोडा ताप आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. बिर्याणीला थांबला नाही.

शनिवारी सकाळी मी पहिलं काम केलं ते एनओसी. सही घेतली, शिक्का मारला, आणि गोविंदला कंपनीच्या पिकअपमधून गुल खानबरोबर अल ऐनला पाठवलं. दुपारी दोघं परत आले. गुल खान गाडीतून उतरलाच नाही. गोविंदने पत्र माझ्या टेबलावर ठेवलं, घडी नीट करून.

‘ह्या ठेवा, साहेब. गुरुवारी दुसरो माणूस घेतलो त्यांनी. कोणाचो फोन इलो नाय म्हणाले.’

त्याला माहीत होतं. तरीही तो ‘साहेब’ म्हणाला. मग हजेरीपत्रकावर अर्ध्या दिवसाची सही करून शॉपफ्लोअरवर गेला.

हॅरिसने रविवारी आमची फाइल परत पाठवली. पत्र्याची जाडी कमी आहे, एवढाच शेरा. जाडी खरोखरच कमी होती, ते मी नाकारत नाही. दोन महिन्यांनी तो कतारला गेला, आणि प्रधान साहेबांनी मला बोलावून सांगितलं, ‘दामले, ते बेसबॉल खलास करा आता. नवा कन्सल्टंट इंग्लिश आहे. गोल्फ खेळतो.’ हमरिया कूलर्सचा अंत एका इंटरऑफिस मेमोने झाला. मेमो मीच काढला. हातमोजे कॅन्टीनच्या माणसाने नेले, गरम पातेली उतरवायला. उत्तम चालले.

गोविंद आणखी बारा वर्षं तिथेच राहिला, त्याच कॅम्पमध्ये. त्याला तसा कागद पुन्हा मिळाला नाही. बेसबॉलबद्दल तो कधी बोलला नाही. मी भेटलो की मुलीची इयत्ता सांगायचा. चौथी. सातवी. दहावी. मी निवृत्त होऊन पुण्याला आलो. अदिती आता दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका ऑफिसात आहे, आणि आम्हीच तिच्याकडे व्हिजिट व्हिसावर जातो, तिने कागद भरले की.

दोन वर्षांमागे गोविंदची पत्रिका आली. संजनाचं लग्न. सुलभा म्हणाली, जायलाच हवं. मी निघताना ती निळी वही पिशवीत टाकली. म्हटलं, ही त्याची आहे. त्यात त्याचे तीन मोसम आहेत, एकेक बॉल लिहिलेला. देऊन टाकू, आणि जमलंच तर माफी मागू. गाडीत मी वाक्यंसुद्धा जुळवत होतो.

मांडवात गोविंदने मला मिठी मारली. केस पांढरे, वजन तेवढंच. मुलीला हाक मारली, ‘संजना, हे दामले साहेब. आमच्या टीमचे मॅनेजर.’ हिरवा चुडा, मुंडावळ्या, तशीच ती वाकून नमस्कार करायला आली आणि एकदम खुलली.

‘काका, तुम्हीच ते! बाबांनी मला सगळं सांगितलंय. शेवटच्या मॅचला अमेरिकन लोकांना यांचा एक बॉल लागत नव्हता ना? जिंकून दिली ना बाबांनी?’

मी गोविंदकडे पाहिलं. त्याच्या हातात पाहुण्यांसाठी लाडवांचं ताट होतं. तो ताटाकडे बघत होता.

‘आणि म्हणून कंपनीने यांना सोडलं नाही,’ ती म्हणाली. ‘आई म्हणते, सोडलं असतं तर आपण तिकडे गेलो असतो. लहानपणी मला फार राग यायचा तुमच्या कंपनीचा. पण बाबा म्हणायचे, एवढा चांगला खेळल्यावर कोण सोडेल? खरं ना, काका?’

बावीस वर्षं मी माणसांना कागद दिले किंवा अडवले. गोविंदने माझ्याकडे त्या दिवसापर्यंत एकच मागितला होता. आता ताट घेऊन तो माझ्यासमोर उभा होता, आणि मला कळलं की तो दुसरा मागतोय.

‘खरं आहे,’ मी म्हटलं. ‘एकालाही बॉल दिसला नाही. असा पिचर कोण सोडेल, पोरी? आम्ही नाही सोडला.’

गोविंदने ताट पुढे केलं. ‘घ्या साहेब, घरचे लाडू.’

परतीच्या गाडीत सुलभाने पिशवी चाचपली आणि विचारलं, ‘अहो, वही द्यायची राहिली की?’

‘नाही,’ म्हटलं. ‘त्यांच्या घरात स्कोअर लिहिलेला आहे.’